पितळी पट्टी

“मग आता बदलायचं राहिलंय काय, तेवढं तरी सांगा,” अभिनंदन म्हणाला.

शेडच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून दस्तगीर मिस्त्री बसले होते. समोर अभिनंदनची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती, आणि मिस्त्री तिच्याकडे बघत होते. दिसत किती होतं कोण जाणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

केर्लीच्या अलीकडे, पन्हाळ्याच्या रस्त्याला ही शेड. कोल्हापुरातल्या गाड्या एके काळी इथे रांग लावून उभ्या असत. आता दारात गवत वाढलं होतं.

अभिनंदन मगदूम या शेडमध्ये सहा वर्षं शिकला आणि अकरा वर्षांपूर्वी निघून गेला. निघून गेला म्हणजे भांडून गेला. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकायचे दिवस संपले, आता गाडी स्वतःच सांगते तिला काय होतंय, असं तो चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना म्हणाला होता. मिस्त्री तेव्हा रॉकेलमध्ये हात धूत होते. ते धूतच राहिले.

पुढे अभिनंदनने शहरात गॅरेज काढलं. साध्या गाडीला टर्बो बसवायचा, तिची ताकद वाढवायची, लॅपटॉप जोडून इंजिनाची आकडेमोड बदलायची, यात त्याचं नाव झालं. पोरं सांगलीहून, बेळगावहून गाड्या घेऊन येऊ लागली. अहंकार होता, पण नुसता अहंकार असता तर बरं होतं, काम खरंच चांगलं होतं.

आणि मग ही गाडी. त्याची स्वतःची.

हिच्यात त्याने आजवरचा सगळ्यात मोठा टर्बो बसवला. सपाटीवर गाडी लोण्यासारखी जायची. चढाला पाय दाबला, टर्बोने दम भरला, की मिसिंग मारायची. ठसकायची, झटके द्यायची, मेल्यासारखी व्हायची आणि पुढच्याच क्षणी अशी उसळायची की शेजारी बसलेल्याचं डोकं मागे आपटायचं.

तीन महिने तो तिच्यामागे लागला होता. कॉइल बदलल्या. इंजेक्टर बदलले. पेट्रोलचा पंप, सेन्सर, हवेच्या नळ्या बदलल्या. शेवटी टर्बोच काढून दुसरा घातला. प्लग तर पाच वेळा नवे टाकले. लॅपटॉपवरची आकडेमोड इतक्यांदा पुसली की पहिली काय होती हे त्याला आठवेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

गिऱ्हाइकं शहाणी असतात. ती तोंडावर बोलत नाहीत. दुसऱ्याच्या गाड्या बऱ्या करणारा माणूस स्वतःच्या गाडीतून ठसकत येतो हे त्यांनी पाहिलं, आणि यायची थांबली.

पण त्याचंही त्याला एवढं नव्हतं. त्याला भीती वाटत होती ती हातांची. परवा एका साध्या गाडीचं चाक बसवताना त्याने एकच नट चार वेळा सोडला आणि चार वेळा आवळला. आपण आवळलाय यावर त्याचा विश्वास बसेना. त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगून टाकलं: मिस्त्रींकडे जातो. त्यांना सापडलं तर ठीक. नाही तर गॅरेजला कुलूप, आणि मी तुझ्या भावाच्या फरशीच्या दुकानात उभा राहतो. बायकोने समजूतही घातली नाही. तिने त्याला नट आवळताना पाहिलं होतं.

“काढलेले भाग कुठं हाईत?” मिस्त्रींनी विचारलं.

“भंगारात दिले.”

“समदे?”

“सगळे.”

या शेडचा एक नियम होता. एका वेळी एकच भाग बदलायचा. दुखणं गेलं नाही तर नवा काढून जुना परत बसवायचा, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. अभिनंदनला तो नियम पाठ होता. त्याला तेवढा धीर नव्हता.

“म्हंजे आजारी हुती ती गाडी गेली,” मिस्त्री सावकाश म्हणाले. “ही दुसरीच. आन् आजार तोच.”

“तोच.”

“मग जे बदललं न्हाई, त्यात हाय.”

“पण सगळं बदललं की, मिस्त्री.”

“कुणी?”

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.”

मिस्त्रींनी रस्त्यावरून गेलेल्या उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज लांब जाऊ दिला.

“प्लग बसवून दाखव,” ते म्हणाले.

अभिनंदनला झोंबलं. प्लग बसवणं हे या शेडमध्ये पहिल्या महिन्यातल्या पोराचं काम. सतरा वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला गुरुजींनी पाटीवर अ काढून दाखवायला सांगावं तसं झालं. पण तो मागायला आला होता. मागायला आलेल्याने तोंड वाकडं करून चालत नाही.

त्याने इंजिनातला एक प्लग सोडवला. डबीतून नवा काढला. मिस्त्री खुर्ची ओढत जवळ आले, इतके जवळ की त्यांचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता. अभिनंदन त्यांना टर्बोचा दाब किती ठेवलाय ते सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा डावा हात आपोआप खिशात गेला. खिशातून एक छोटी पितळी पट्टी निघाली. ती त्याने प्लगच्या टोकावर धरली, वरची पत्ती जराशी उचलली, पट्टी फटीतून एकदा फिरवून पाहिली...

“थांब.”

तो थांबला.

“हात तसाच ठेव.”

मिस्त्रींनी त्याच्या बोटांतून पट्टी काढून घेतली. डोळ्यांजवळ नेली, मग डोळ्यांचा नाद सोडला आणि अंगठ्याने तिची कड चाचपली. एकदा. दोनदा.

“ही कुठली?”

“माझीच. इथलीच,” अभिनंदन म्हणाला.

या शेडमध्ये आलेल्या प्रत्येक पोराला मिस्त्री पहिल्या दिवशी पितळेचा तुकडा आणि कानस देत. घास म्हणत. मिस्त्रींनी स्वतः जुळवलेल्या प्लगच्या फटीतून तो तुकडा ना अडकता ना खुळखुळता जायला हवा. कुणाला पंधरा दिवस लागत, कुणाला महिना. बोटं सोलून निघत. तुकडा बसला की तो त्या पोराचा. त्याने मग जन्मभर त्याच मापाने प्लगची फट ठेवायची. त्याआधी स्पॅनरला हात लावायचा नाही.

अभिनंदनला एकतीस दिवस लागले होते.

“ही पट्टी घासलीस तवा टर्बो हुता का?” मिस्त्रींनी विचारलं.

अभिनंदन हातातल्या प्लगकडे बघायला लागला.

“तू इंजिनात दुप्पट वारं कोंबतोस,” मिस्त्री म्हणाले. “एवढी फट वलांडस्तवर ठिणगी इझती.”

हे तर त्याला माहीत होतं. दाब वाढला की फट कमी करायची, हे त्याने स्वतः दहा पोरांना शिकवलं होतं, आकड्यांसकट. आधीच्या गाड्यांमध्ये दाब बेताचा होता, तेवढी फट चालून गेली. या गाडीला चालली नाही. नवे प्लग तर कंपनीतून नेमक्या फटीचे येत होते. चांगले येत होते, आणि तो त्यांची फट दर वेळी खिशातल्या पट्टीने वाढवत होता. पाच वेळा, चार-चार प्लग. त्याने जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला होता. पेट्रोलवर घेतला, वायरीवर घेतला, हवामानावर घेतला. पट्टीवर घेतला नाही. पट्टी त्याला गोष्टच वाटत नव्हती. ती हातातच होती.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. त्याने गाडीतून फट मोजायचं फिलर गेज आणलं, आकडा बघितला, चारही प्लगच्या पत्त्या हलक्या ठोकून फट कमी केली. मिस्त्री खुर्चीत जाऊन बसले. पट्टी त्यांच्याच मुठीत राहिली.

गाडी वाघबिळाच्या चढाला लागली. अभिनंदनने पाय दाबला. टर्बोने दम भरला... आणि गाडी सरळ, एका श्वासात, वळणापर्यंत गेली. त्याने मागे वळवून पुन्हा चढवली. पुन्हा तेच. तीन महिन्यांत जो आवाज ऐकायला त्याचे कान आसुसले होते, तो हाच.

त्याला आनंद झाला नाही. वळणावर गाडी बाजूला घेऊन तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. या शेडमधलं काही आपल्याजवळ नाही याचा त्याला अकरा वर्षं अभिमान होता. आणि रोज सकाळी विजार बदलताना तो एका खिशातली पट्टी काढून दुसऱ्या खिशात टाकत होता. का, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज कळलं तेव्हा ती काढून टाकायची वेळ आली होती.

तो परतला तेव्हा मिस्त्री तिथेच होते. नऊ पोरं शिकवली या माणसाने. एक आखातात गेला, दोघे वारले, बाकीच्यांनी वाटा बदलल्या. पाच वर्षांत या शेडच्या दारात शिष्य म्हणून कुणी पाऊल टाकलं असेल तर ते आज, अभिनंदनने.

“चालली?”

“चालली. एकदाही मिसिंग नाही.”

मिस्त्रींनी मान हलवली. मूठ उघडली नाही.

अभिनंदन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने विचारलं, म्हणजे माझा हात बिघडला नव्हता?

“हात चांगला हाय. शिकवला तसाच चालतोय.”

ते ऐकून त्याला धीर आला. अकरा वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकावं असं वाटलं. त्याला ते भेट म्हणून द्यायचं होतं, दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं.

“मिस्त्री, तुमचं सगळं मी टाकलं. चारचौघांत टाकलं. पण एवढी एक पट्टी जपली...”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे. तिचं इंजिन अजून टिकटिक करत निवत होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “गाडीत बाकी समदं तुझं हुतं, अभ्या. बिघाड तेवढा माझा.”