धुक्यातली मळई

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ऐका. नद्यांना अजून नावे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका नदीच्या वळणावर एक गाव होते. पूर ओसरला की नदी काठाला मऊ, काळीभोर माती ठेवून जाई. तिला लोक मळई म्हणत. ती कुणा एकाची नव्हती.

एका वर्षी वरच्या मुलखात पाण्याचा थेंब पडला नाही. तिकडची माणसे खाली उतरली आणि गावाच्या अन्नछत्रात जेवू लागली. छत्रात नुसती कण्यांची पेज मिळे. वाढायला हौसाबाई नावाची माळीण असे. एका लहान मुलीच्या हिरड्यांतून रक्त येताना तिने पाहिले आणि त्या दिवशी तिला स्वतःचा घास गोड लागेना.

ती पारावर जाऊन म्हणाली, "पेजेनं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. मळई रिकामी पडलीय. छत्रासाठी भाजी लावू या का?"

कुंभार आला, शिंपीण आली, म्हातारा गुरव आला. पहाटे नदीवरून धुके उठे आणि त्या धुक्यात माणसे वाफे करीत. कोण कुठे आहे ते दिसत नसे. फक्त खुरप्यांचा आवाज येई आणि कुणीतरी ओवी गुणगुणत असे. मेथी उगवली, मग मुळा, मग वांगी. दव पडलेली पाने अशी चमकत, जणू चांदणे घरी जायचे विसरले आहे.

छत्रात हिरवी भाजी शिजू लागली. मुलीच्या हिरड्या भरून आल्या.

गावचे पाटील आधी खूश झाले, मग काळजीत पडले. "ही भाजी आपल्या घामाची. आळशांच्या पोटात जायला नको," असे म्हणून ते छत्राच्या दारातच बसू लागले. येईल त्याला विचारीत, "कुठला रे तू? हातपाय धड आहेत ना? मग काम का करत नाहीस?"

पंगती विरळ झाल्या. टोपल्यांतली मेथी पिवळी पडू लागली.

पाटील म्हणाले, "पाहिलंत? खरे भुकेले थोडेच होते."

हौसाबाईने त्यातली चांगली मेथी निवडून एका टोपलीत भरली. टोपली डोक्यावर घेऊन ती काठाकाठाने वर चालत गेली. खडकांच्या आडोशाला ती सगळी माणसे कडू कंद उकडत बसली होती. ती मुलगी आईच्या मांडीवर निपचित पडली होती.

"अगं, जेवायला का येत नाहीस?" हौसाबाईने विचारले.

आई म्हणाली, "भाजी गोड होती, बाई. पण प्रश्न घशात अडकत होते."

हौसाबाईने टोपली तिच्यापुढे ठेवली. "मग मी काय करू? तूच सांग."

"आम्हीही शेतीतलीच माणसं. काम का करत नाही, असं विचारलं आम्हाला. काम करता का, असं कुणी विचारलं नाही."

"मग मी विचारते," हौसाबाई म्हणाली. "येता का मळईवर?"

दुसऱ्या पहाटे पाटील मळईवर उतरले. धुक्यात वाकलेल्या आकृतीच आकृती होत्या. जवळच्या एकाला त्यांनी विचारले, "कुठला रे तू?"

"ह्या वाफ्याचा," उत्तर आले.

तो गावचा की बाहेरचा, पाटलांना कळेना. ते पुढे सरकले, तोच एक बाई म्हणाली, "दादा, पाय उचला. रोप तुडवताय."

पाटलांनी खाली पाहिले. वांग्याचे कोवळे रोप आडवे झाले होते. ते गुडघ्यावर बसले, रोप उभे केले, बुंध्याशी माती दाबली. मग शेजारचे तण उपटले. मग त्याच्या शेजारचे. ऊन वर आले तरी ते उठले नाहीत.

त्यानंतर छत्राच्या दारात कुणी बसले नाही. मुलगी पुन्हा हिंडूफिरू लागली. वरच्या मुलखात पाणी परतले, तेव्हा ती माणसे पदरात बियाणे बांधून घरी गेली आणि त्यांनीही आपल्या काठावर वाटसरूंसाठी वाफे केले. पुढे एका वर्षी महापुराने हौसाबाईच्या गावाची शेते धुऊन नेली, तेव्हा भाजीने भरलेल्या होड्या वरच्या मुलखातून आल्या. होडीवाल्यांनी कुणाला काहीच विचारले नाही.

बोध: घेणाऱ्याची मान खाली जाईल असे दान देऊ नये, त्याला आपल्या शेजारी उभे करावे.