साबडेसाहेबांचा जलरोधक कॅमेरा

साबडेसाहेबांच्या कंपनीने एक छोटा, देखणा कॅमेरा काढला. नाशिकच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर पत्रकारांना बोलावून साहेब गरजले, "पाऊस, धूळ, चिखल, कशानेही याचा केस वाकडा होणार नाही!"

मासिकात कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिणाऱ्या हेमांगी ताम्हाणेने विचारलं, "पाण्यात धरून बघू का?"

"बाई, माझ्या शब्दावर विश्वास नाही? कौतुक छापा, नाहीतर आमच्या जाहिराती विसरा."

हेमांगीने कॅमेऱ्याकडे नेलेला हात मागे घेतला. मासिक त्या जाहिरातींवरच चालत होतं.

तेवढ्यात हिरवळीला पाणी देणारे फवारे अचानक सुरू झाले. साहेबांनी झटकन कॅमेरा कोटाच्या आत खुपसला, वरून दोन्ही हात आवळले आणि धावत व्हरांडा गाठला. नखशिखांत निथळत त्यांनी कॅमेरा विजयी मुद्रेने उंच धरला.

"बघा, थेंबही लागला नाही! आता लिहाल ना?"

"लिहिते की," हेमांगी म्हणाली. "फक्त एवढं सांगा, कॅमेऱ्यासोबत कोट मिळतो, की दर वेळी तुम्ही स्वतः येणार?"

परीक्षण म्हणून हाच प्रश्न छापून आला. जाहिराती मात्र चालूच राहिल्या. बंद केल्या असत्या, तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं.