सात गिअर आणि खिंडीचा चढ

"मग माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा!"

श्रीरंगचा आवाज मठाच्या ओसरीत घुमला. केवलनाथ महाराज तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

खिंडीवरच्या वाडीत मठाची लहानशी शाळा होती. तिथले म्हातारे गुरुजी थकून खाली आले होते, आणि त्यांच्या जागी आपणच जाणार हे श्रीरंगने धरूनच ठेवलं होतं. उमेदीची वर्षं मठात घातली, ग्रंथ तोंडपाठ केले, आणि आज सकाळी महाराज म्हणाले, "तू नको. एवढ्यात नको."

कुणालाही राग यावा अशीच गोष्ट. श्रीरंगच्या तर अंगाचा तिळपापड झाला होता.

"वाडीला रोज जाता यावं म्हणून सायकलला गिअर बसवले मी," तो म्हणाला. "मठाची जुनी काळी सायकल. सगळं गाव हसलं. म्हशीला पैंजण घालतोस काय म्हणाले! मागचा चिमटा फाकवून नवं चाक बसवलं, त्यावर सात दातेरी चकत्या, लांब चेन, हँडलला गिअर बदलायचा खटका... सगळं या हातांनी. याहून तयारी आणखी काय असते?"

"चेन पडते म्हणे."

श्रीरंग तडकलाच.

"पडते! रोज पडते. दुकानदारानं गळ्यात मारलेला मालच तसला. रस्ता ठेकेदारानं खाल्लेला. त्यात चढावर खटका ओढला की..."

"की?"

"मी जीव खाऊन पायडल मारतो, आणि ती हरामखोर नेमकी तेव्हाच निसटते!"

मठात शिवी निघाली होती. श्रीरंगने जीभ चावली, पण राग काही गिळला नाही.

महाराजांनी तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला.

"मला वर जायचंय," ते म्हणाले. "वाडी बघून बरेच दिवस झाले."

"जीप सांगतो."

"सायकल आहे की."

श्रीरंगला वाटलं, थट्टा चालली आहे. तोवर महाराज कफनी सावरून कॅरियरवर बसलेसुद्धा. गेल्याच वर्षी कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेला माणूस!

"महाराज, पडाल!"

"तू चालव."

बरं तर. एकदा यांनाही कळू दे हा चढ काय आहे ते... श्रीरंगने दात आवळले आणि टांग टाकली.

सपाटी संपली. खिंडीचा चढ समोर उभा राहिला. एरवी तो इथं सीटवरून उठायचा, खटका ओढायचा आणि सगळा भार पायडलवर टाकायचा. आजही तो उठू लागला, तेवढ्यात त्याला मागे बसलेल्या महाराजांचं ते मोडलेलं हाड आठवलं.

धक्का बसला तर?

पाय आपसूक हलका झाला. थांबला नाही, नुसता हलका झाला. त्याने खटका ओढला.

टक्.

चेन मोठ्या चकतीवर अलगद जाऊन बसली.

पुढच्या वळणावर रस्ता आणखी उभा होता. पुन्हा पाय हलका, पुन्हा टक्. दगड चुकवत, खड्ड्याला वळसा घालत, घाम डोळ्यांत जात असताना तो दर थोड्या वेळाने विचारत होता, "महाराज, बरे आहात ना?"

मागून फक्त हुंकार येत होता.

वाडी आली. श्रीरंगने महाराजांना हाताला धरून उतरवलं, सायकल स्टँडला लावली, आणि मग मात्र त्याला राहवेना.

"बघितलंत? एकदाही पडली नाही! डबलसीट असून!"

"बघितलं."

"मग आता तरी शाळा माझ्या हवाली करा. आता कुठं बोट ठेवणार तुम्ही?"

महाराज शाळेकडे बघत होते. दारातून पोरांचा कालवा ऐकू येत होता. आत कुणीतरी पडून रडत होतं, आणि बाकीची त्याला हसत होती.

"नाही ना सापडत काही?" श्रीरंगचा आवाज चढला. "काहीच कमी नव्हतं माझ्यात! उगाच अडवलंत मला. आणि आज तर मागे ओझं होतं. उद्या एकटा येतो, मग बघा कसा सुसाट येतो ते!"



महाराज सायकलपाशी आले, कफनी सावरली आणि पुन्हा कॅरियरवर चढून बसले.

"चल खाली."

"आँ? आणि शाळा?"

"एकट्यानं सुसाट येणाऱ्याला इथं कोण बोलावतंय?"