दारूचं शिंग आणि बंदुकीचं तोंड

गडांवर अजून पहारे होते, तेव्हाची ही गोष्ट. सिदोजी नावाच्या बंदूकवाल्याने म्हशीचं शिंग कोरलं, त्यात बंदुकीची दारू भरली आणि तोंडाला बूच बसवून ते कमरेला लटकवलं.

शिंग मोठं मायाळू. म्हशीच्या डोक्यावर असताना त्याने रेडकाला आचळाला तोंड लावून पिताना रोज पाहिलेलं. इथे मात्र सगळंच उफराटं! सिदोजी शिंगातली थोडीशी दारू पितळी मापट्यात ओतायचा, शिंगाला बूच लावून पाठीमागे सारायचा, आणि मगच मापटं बंदुकीच्या नळीत रिकामं करायचा.

"पोटभर घेऊन मी इथे बसलोय आणि लेकरू वाटीने पितंय?" शिंगाला काही उमजेना. "मापट्या, धन्याचा माझ्यावर भरवसा नाही का रे?"

"ते मला नको विचारूस. पण बार उडाला तरी ही बंदूकबया कधीकधी आत धुमसत असते."

"मग तर तिला जवळ घ्यायला हवं!" शिंग आणखीच गोंधळलं.

एके दिवशी गडाखाली चकमक उडाली. सिदोजीने एक बार काढला आणि घाईघाईत पुन्हा मापटं नळीत उपडं केलं मात्र, आतल्या ठिणगीने भस्सकन भडका उडाला. मापटं काळं ठिक्कर पडलं. सिदोजीची बोटं पोळली, मिशा करपल्या. पण तो उभा होता.

शिंगाने आपल्या भरल्या पोटाकडे पाहिलं. मग ज्या कमरेला ते टेकलं होतं, तिच्याकडे पाहिलं.

"धनी," ते हळूच म्हणालं, "बूच जरा घट्ट बसवा."