सारजाबाईचा रिकामा घाव

फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्या आंबवळीत भाताची गिरणी आली नव्हती आणि वाघ पाणी प्यायला ओढ्यावर येत, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या आजोळी सगळे ती सांगतात, आणि प्रत्येकजण वाघ थोडा मोठा करतो. मीही करणार आहे.

सारजा लग्न होऊन आंबवळीत आली, तेव्हा घरात नणंद होती. ठकू तिचं नाव. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, जिभेला धार असलेली. आता रोज भांडणं ऐकायला मिळणार म्हणून शेजारणी कान टवकारून बसल्या. पण झालं भलतंच. ठकूने नव्या भावजयीच्या हातात मुसळ दिलं, समोर स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, माझ्या घावाला मी विठ्ठल म्हणते. तुझ्या घावाला तू रखुमाई म्हण. मी हाक मारायची, तू ओ द्यायची. एवढं जमलं की दुसरा देवधर्म लागत न्हाय."

तेव्हापासून एका उखळात दोघींची दोन मुसळं आळीपाळीने पडू लागली. विठ्ठल, रखुमाई. विठ्ठल, रखुमाई. मधे ठकू देवाला रागवायची, भात ओलं का ठेवलंस म्हणून. सारजा हसायची आणि देवाची बाजू घ्यायची. त्यांच्या उखळात कधी कणी पडली नाही, असं म्हणतात. वाघजाईच्या रानातला वाघ कुंपणापाशी यायचा, पंजांवर हनुवटी टेकून ऐकायचा आणि कांडण संपलं की शेपूट आवरून निघून जायचा, असंही म्हणतात. वाघ बैलाएवढा होता.

एका भादव्यात ठकूला ताप भरला आणि ती गेली.

सारजा रडली ती अशी, की तिची आई गेली तेव्हाही तशी रडली नव्हती. बायका समजूत घालायला आल्या. एकजण म्हणाली, "नणंदच व्हती ना गं? किती जीवाला लावून घेशील?" सारजाने डोळे पुसले. "नणंद सगळ्यांना असते. मला देवाच्या वाटेवर सोबत व्हती."

मग ती मुसळाला शिवेना. देवाचं नावही घेईना. घरधनी म्हणाला, "अगं, एकटीनं घे की नाव." तर म्हणाली, "हाकच न्हाय, तर ओ कुणाला देऊ?" तेव्हापासून देवघरात संध्याकाळी दिवा तोच लावू लागला. सारजा उंबऱ्यात पाठ करून बसे. आयुष्यभर आता आपलं तोंड असंच बंद राहणार, याची तिला भीती वाटत होती. पण शब्द गळ्याशी येऊन परत फिरत.

नवान्नाची पुनव आली. वाघजाईच्या नैवेद्याचे तांदूळ दरवर्षी याच उखळात कांडले जात, दुसरीकडे चालत नसत. गावातली गंगू गुरवीण मोठ्या मनाची आणि त्याहून मोठ्या घाईची बाई. तिने सारजाला हाताला धरून उखळापाशी आणलं, पदर खोचला आणि ठकूचं मुसळ उचललं. "ठकूच्या जागी मी हाय. चल, विठ्ठल!"

सारजाने देवीसाठी म्हणून मुसळ उचललं. पण गंगूचा घाव ठकूच्या घावासारखा थोडाच पडणार? ती हाक आधी मारायची आणि मुसळ मागून आणायची. तिसऱ्याच घावाला दोन्ही मुसळं एकमेकांवर आदळली, टोकाची लोखंडी कडी फुटली आणि देवीचं भात अंगणभर उडालं. सगळं करून मुसळ केरात म्हणतात, ते अक्षरशः झालं.

गंगू रडकुंडीला आली. सारजा मात्र हसायला लागली. ठकू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. मग भात गोळा करत म्हणाली, "गंगाबाई, तुमचं चुकलं न्हाय. वन्संची जागा भरायची न्हाय, एवढंच. ती मोकळी ऱ्हाऊ दे."

तिने आपलं मुसळ वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ठकूचा घाव पडायला जेवढा वेळ लागे, तेवढी थांबली. त्या थांबण्यात उखळातलं भात आपोआप उसळलं आणि तूस वाऱ्याशिवाय बाजूला झालं, असं म्हणतात. मग सारजाचा घाव पडला आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला. रखुमाई. पुन्हा ती थांबली, पुन्हा घाव. रखुमाई. दोघींनी कांडावं तेवढ्या वेळात एकटीचे तांदूळ निघाले, पांढरेशुभ्र. खरं काय ते देवीला ठाऊक. मी तिथे नव्हते. पण भात घाव पडल्याशिवाय सोललं जात नाही, हे मला माहीत आहे.

पुढे सारजा पार म्हातारी होईपर्यंत अशीच कांडत राहिली. ठकूची आठवण काढून रडायचीही. एकामुळे दुसरं थांबलं नाही.

आता आंबवळीत गिरणी आहे. तरी नवान्नाचे तांदूळ त्याच उखळात निघतात आणि दोन मुसळं कधी लावत नाहीत. त्या वर्षी ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल, बाई असो की बाप्या, त्याच्या हातात पहिल्यांदा मुसळ देतात. रडू नको, असं कुणी म्हणत नाही. गुरवांच्या घरच्या बायका तर त्या दिवशी गंगूसारखी हाक निघू नये म्हणून तोंडावर पदरच धरतात. मुसळ वर जातं आणि थांबतं. नवख्या माणसाला कधी घाव घालायची घाई होते. मग शेजारी उभी असलेली एखादी म्हातारी हळूच त्याचं मनगट धरते आणि म्हणते,

"थांब बाळा. आधी तिकडचा पडू दे."