एक फाटकं पुस्तक

प्रवेशाच्या दिवसांत कुलपती रणनवरे स्वतः पालकांना विद्यापीठ दाखवत फिरत. स्विमिंग पूल, जिम, काचेचं ग्रंथालय! केतकीला गावातलं जुनं सरकारी कॉलेज हवं होतं, पण तिचे पप्पा पार भुलले होते. अर्जावर सही करायला त्यांनी पेनही काढलं.

“इथल्या ग्रंथालयात एक तरी फाटकं पुस्तक दाखवा, मी आत्ता प्रवेश घेते,” केतकी म्हणाली.

कुलपती खो-खो हसले. “अगं पोरी, दहा वर्षं झाली, पण एकाही पुस्तकाचं पान दुमडलेलं नाही! शोध हवं तर!”

“नको सर, विश्वास आहे. पण मग दहा वर्षं इथली मुलं वाचतात तरी काय?”

पप्पांनी पेन खिशात ठेवलं. “चल, तुझं ते फाटकं कॉलेज बघू.”