आसनेवाडीचा पाळक उंबऱ्याशी का बसतो

आसनेवाडीच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला आलेले पाहुणे बुचकळ्यात पडतात. दानाविषयी बोलायची वेळ झाली की पाळक व्यासपीठावरून उतरतो, मंडळीमधून चालत दारापर्यंत जातो आणि उंबऱ्याशी फरशीवर मांडी घालून बसतो. पैशाची गोष्ट तो तिथूनच करतो. कारण विचारलं, की म्हातारे पंच लाजरसबाबा पाहुण्यांना बाहेर चिंचेखाली नेतात आणि सांगतात.

देवळावर घंटेचा मनोरा चढत होता, तेव्हाची ही हकीकत. पाळक होते शांतवनराव भांबळ. वाणी अशी, की ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जावा. दर रविवारी ते एकेकाचं नाव पुकारत. मनोऱ्यासाठी ज्याने दिलं त्याने बसायचं, ज्याने दिलं नाही त्याने उपासना संपेपर्यंत उभं राहायचं.

राहेलबाई घायपाताचे दोर वळून पोट भरायची. नवरा याकोब तापाने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या दवाखान्यासाठी तिने दोन रुपये पदराच्या गाठीला बांधून ठेवले होते. सहा रविवार ती उभी राहिली म्हणे. आधी लोक वळून बघत. मग बघेनासे झाले, आणि तेच तिला जास्त लागलं.

सातव्या रविवारी ती म्हणाली, "सायेब, ह्यांच्या औषधाचं पैसं हायेत. एवढं सोडा."

"देवाचा वाटा आधी, बाई," पाळक व्यासपीठावरून म्हणाले. "दुखण्याचं तो बघून घेईल."

राहेलबाईने गाठ सोडली, रुपये दानाच्या थैलीत टाकले आणि खाली बसली. बसल्यावर क्षणभर पायांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज तिला जन्मभर पुरली, असं सांगतात.

गुरुवारी याकोब गेला.

पुढच्या रविवारी ती आली ती दारातच बसली. पाळकांनी तिच्याकडे बोट करून मंडळीला समजावलं, "दान दिलं, पण विश्वास कमी पडला."

"किती कमी पडला, सायेब?"

आवाजात राग नव्हता. बाजारात दोराचं माप विचारावं तसं तिने विचारलं. पाळकांनी घाईने पुढचं नाव पुकारलं. त्यानंतर त्यांनी पैशाचं नाव काढलं, की दारातून तोच प्रश्न येई. दोघा पंचांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती पायरीवरून विचारू लागली. पाळकांची वाणी अडखळायला लागली.

अखेर एका रविवारी ते बोलता बोलता थांबले, खाली उतरले आणि उंबऱ्याशी तिच्यासमोर बसले. दोन रुपये पुढे ठेवून म्हणाले, "राहेलबाई, माझं चुकलं. क्षमा करा."

तिने रुपयांकडे पाहिलं. "आता ह्याचं औषध कुणाला पाजू?" एवढं बोलून ती उठली आणि गेली. पुन्हा कधी देवळात आली नाही.

पाळक दुपार कलेपर्यंत तिथेच बसून होते म्हणे. कुणी त्यांना हात देऊन उठवलं नाही. पंधरवड्यात त्यांनी गाव सोडलं. मनोरा मात्र पुरा झाला. घंटा वाजली की राहेलबाई हातातला दोर टाकून कान झाकून घ्यायची.

आजही ज्या घरात दुखणं आहे, त्या घरच्या माणसापुढे इथे थैली धरत नाहीत. दान तुटपुंजं जमतं, देवळाचं छप्पर गळतं, नवे पाळक वैतागतात. पण तेही, दर रविवारी, दारापाशी जाऊन बसतात.